बुडालेला तास कोणाच्या खात्यात?

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या कितीतरी पालकांच्या उंबऱ्यापर्यंत गुरुजी पहिल्यांदाच आले. मुलगा वाचतो कसा, भागाकारात कुठे अडतो, रात्री अभ्यासाला बसायला घरात एखादा कोपरा आहे का, असे काही विचारायला मात्र ते आले नव्हते. कर्नाटक राज्य मागासवर्ग आयोगाच्या सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षणाचे साठेक प्रश्न मोबाइलवर भरून घेण्यासाठी ते आले होते. जात, पोटजात, शिक्षण, धंदा, जमीन, उत्पन्न. वीजमीटरच्या क्रमांकावरून घर शोधायचे, सर्व्हर चालला तर माहिती भरायची, नाही चालला तर पुन्हा चक्कर मारायची. आमच्या शेजारच्या एका आजींनी सगळे प्रश्न संपेपर्यंत शांतपणे उत्तरे दिली आणि शेवटी स्वतःचा एकच प्रश्न विचारला, ‘हे सगळं लिहून घेतलासा गुरुजी, पण शाळा कवा उघडणार?’ शाळेत जाणारा नातू त्यांच्या मागेच उभा होता.

सर्वेक्षण २२ सप्टेंबर ते ७ ऑक्टोबर या काळात, म्हणजे दसऱ्याच्या सुट्टीत संपणार होते. ते संपले नाही, तेव्हा सरकारी आणि अनुदानित शाळांची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवण्यात आली आणि पाठोपाठ दिवाळी आली. विनाअनुदानित शाळांना हा आदेश लागू नव्हता. एकाच गल्लीतली पिवळ्या बसने जाणारी मुले आठ तारखेपासून वर्गात बसली आणि सरकारी मराठी शाळेतली मुले अंगणात खेळत राहिली. बुडालेले दिवस जादा तास घेऊन भरून काढले जातील, असे सरकारने सांगितले. जे शिक्षक महिनाभर दारोदार फिरून दमलेले आहेत, त्यांनीच ते भरून काढायचे होते, हे वेगळे सांगायला नको.

त्या दिवसांत गावात दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येत होते. पालक म्हणत, गुरुजींना वीस हजारांपर्यंत मानधन जाहीर झाले आहे, त्यांना शाळेची काय पडली आहे. शिक्षक म्हणत, तुम्ही चार दिवस आमच्या मागे फिरून बघा. दोघांचेही बोलणे आपापल्या जागी समजण्यासारखे होते, आणि दोघांचाही नेम चुकलेला होता. शिक्षकाच्या कामाचा बोजा ही शिक्षकाची तक्रार म्हणून मांडली जाते, त्यांच्या संघटना ती मांडतात, आणि पालक ती ‘पगारदारांचे रडगाणे’ म्हणून ऐकतो. माझे म्हणणे असे आहे की ही तक्रार मुळात पालकाची आहे. वर्गातला तास हा मुलाच्या मालकीचा आहे. तो कोणी काढून घेतला तर चोरी शिक्षकाच्या नव्हे, मुलाच्या घरी झालेली असते. ज्याच्या घरी चोरी झाली तो गप्प, आणि ज्याच्या हातून वस्तू हिसकावली तो एकटा ओरडतो आहे, अशी आजची स्थिती आहे.

बालशिक्षण हक्क कायद्याने हे बरेचसे मान्य केलेले आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याच्या २७ व्या कलमानुसार शिक्षकाला शिक्षणेतर कामाला जुंपता येत नाही. अपवाद तीनच, दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका. राज्य आयोगाचे सर्वेक्षण यातल्या कोणत्या अपवादात बसते, हा प्रश्न गावातल्या पालकांच्या एकाही बैठकीत मी ऐकला नाही. सर्वेक्षण नकोच, असे मला म्हणायचे नाही. मागास समाजाची खरी मोजदाद व्हावी असे वाटणाऱ्यांपैकी मीही एक आहे. पण ज्या मुलांच्या मागासलेपणाचा शोध घ्यायचा, त्यांच्याच शाळा त्यासाठी बंद ठेवायच्या, यातली विसंगती कोणाला तरी टोचायला हवी होती. शिक्षकांच्या संघटनेलाही ती टोचली नाही. उलट काम पुरे करायला आणखी दहा दिवस द्या, अशी विनंती प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेनेच केली होती. शिक्षकाच्या बाजूने ते व्यवहार्यच होते, कारण सकाळी शाळा आणि दुपारी सर्वेक्षण असे दुहेरी ओझे त्याने टाळले. पण त्या वाटाघाटीच्या टेबलाशी मुलाच्या बाजूने बसलेला कोणी नव्हता.

एक तास गेला म्हणजे नेमके काय गेले, हे शहरातल्या मोठ्या शाळेवरून समजणार नाही. त्यासाठी जांबोटी किंवा कणकुंबीच्या बाजूची एखादी शाळा डोळ्यांपुढे आणावी. कायद्याच्या परिशिष्टानुसार पाचवीपर्यंतच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरेसे धरले आहेत, आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात साठ मुले असलेली शाळा मोठीच म्हणायची. म्हणजे सगळे नियमाप्रमाणे असले तरी पाच इयत्ता आणि दोन शिक्षक. पहिली ते तिसरी नलीकलीच्या, म्हणजे लहान इयत्ता एकत्र बसवून शिकवण्याच्या पद्धतीच्या एका खोलीत, चौथी-पाचवी दुसऱ्या खोलीत. चौथीतल्या मुलीला दिवसभरात गुरुजींचा निम्मा वेळ मिळतो, कारण उरलेला निम्मा पाचवीचा असतो. यातल्या एका शिक्षकाला तालुक्याला बैठकीसाठी बोलावले की पाचही इयत्ता एकाच्या पुढ्यात येतात. त्या दिवशी गणिताचा तास झाला असे पत्रकात लिहिता येते. मुलीच्या वाट्याला मात्र फळ्यावरची उदाहरणे उतरवून घेणे एवढेच येते. त्यात एक शिक्षक कायमचा आणि दुसरा अतिथी शिक्षक असेल तर बैठका, प्रशिक्षण आणि हिशेब सगळे कायमच्या शिक्षकावर पडते आणि वर्ग दहा-बारा हजारांच्या मानधनावर, तेही त्या शैक्षणिक वर्षापुरत्या नेमलेल्या तरुण मुलीवर सोडला जातो. पुढच्या जूनमध्ये ती असेलच याची खात्री तिलाही नसते आणि मुलांनाही.

मुख्याध्यापकाचा दिवस तर शाळेत असूनही शाळेबाहेर जातो. दुधाची भुकटी किती आली, तांदूळ आणि तूरडाळ किती उरली, आज किती मुलांनी अंडे घेतले आणि किती जणांनी केळे, अंड्याला सरकारने धरलेला दर आणि शनिवारच्या बाजारातला दर यातला फरक कोठून भरायचा, याचे हिशेब त्याने ठेवायचे. मुलाला अंडे द्यायचे की केळे, याला पालकांची संमती लागते. श्रावण आला की अर्ध्या गावाची संमती बदलते आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी पुन्हा बदलते. मग एसएटीएस या राज्याच्या विद्यार्थी-नोंदीच्या संगणक प्रणालीवरची नोंद, यूडायस या केंद्राच्या शाळा-माहिती प्रणालीवरची नोंद, आधारमधले नाव आणि दाखल्यावरचे नाव यातल्या वेलांटीचा फरक, शिष्यवृत्तीचे अर्ज, मतदारयादीचे काम. पोषण आहार बंद करा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. तो पोरांच्या पोटाचा प्रश्न आहे आणि सकाळी सहाला शेतावर किंवा उद्यमबागच्या कारखान्यात जाणाऱ्या आईला दुपारच्या त्या ताटाचे मोल ठाऊक असते. पण भांडार सांभाळायला एक कारकून न देता शाळेला मुख्याध्यापक दिला म्हणणे, हे नांगराला बैल न देता कुळव दिला म्हणण्यासारखे आहे.

आता पालकांची बाजू. ती खरी आहे आणि शिक्षकांनी ती ऐकून घेतली पाहिजे, कारण कामाचा बोजा हे पुष्कळदा पांघरूणही असते. सहावीतल्या मुलाला दुसरीचा धडा नीट वाचता येत नाही, हे बापाला कळते तेव्हा त्याला सर्व्हरच्या गोष्टी सांगून भागत नाही. गुरुजी गावात राहत नाहीत. शहरातून येतात, बसच्या वेळेवर येतात आणि बसच्या वेळेवर जातात. सगळ्यात खुपणारी गोष्ट म्हणजे त्यांची स्वतःची मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेत असतात. मराठी शाळेच्या पटनोंदणीसाठी मे महिन्यात घरोघर फिरणारे गुरुजी पालकाला म्हणतात, ‘मुलाला आपल्या शाळेत घाला,’ आणि पालक मनात म्हणतो, ‘तुमची कुठे आहे?’ हा प्रश्न तोंडावर विचारला जात नाही, पण त्याचे उत्तर सगळ्या गावाला माहीत असते. शिक्षकाने आपले मूल कोठे शिकवावे हा त्याचा खाजगी निर्णय आहे, हे तत्त्व म्हणून मला मान्य आहे. मात्र त्या निर्णयामुळे त्याच्या शब्दाचे वजन कमी होते, ही वस्तुस्थितीही त्याने मान्य करावी.

पालक म्हणजे तरी कोण, तेही पाहावे. वडगाव-शहापूरच्या मागावर बारा तास उभा राहणारा विणकर, निपाणीकडे विड्या वळणारी बाई, भाताच्या सुगीत पंधरा दिवस डोके वर न काढणारे कुटुंब, गोव्यात कामाला जाऊन महिन्याने परतणारा खानापूरचा बाप. यांना बुधवारी सकाळी अकरा वाजता पालकसभेला बोलावले जाते आणि ते आले नाहीत की ‘पालकांत जागृती नाही’ असे इतिवृत्तात नोंदवले जाते. आपल्याकडे जत्रेपूर्वी गावे वार पाळतात, त्या दिवशी शेतातली कामे बंद असतात आणि माणसे गावातच असतात. पालकसभा त्या दिवशी ठेवावी, इतकी साधी गोष्ट मी दोन-तीन वेळा सुचवून पाहिली. वर्षाचे वेळापत्रक वरून येते, असे उत्तर मिळाले.

या ‘वरून’ शब्दाला सीमाभागात आणखी एक अर्थ आहे. वरून येणारे परिपत्रक कानडीत असते. मराठी शाळेतला शिक्षक ते वाचतो, समजून घेतो, अंमलात आणतो. पालकापर्यंत ते त्याच्या तोंडून, म्हणजे अर्धेमुर्धे पोहोचते. नको असलेला प्रत्येक निर्णय पालकाला गुरुजींच्याच तोंडून कळत असल्यामुळे तो निर्णय गुरुजींचाच वाटू लागतो. सीमाभागातल्या मराठी शिक्षकाइतका दोन्हीकडून संशयाने पाहिला जाणारा सरकारी नोकर दुसरा नसेल. १ नोव्हेंबरला त्याला शाळेत राज्योत्सवाच्या, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनाच्या ध्वजवंदनाला उभे राहावे लागते आणि त्याच सकाळी त्याच्या वर्गातल्या काही मुलांचे वडील, हा भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीसाठी शहरात गेलेले असतात. कार्यालयाला वाटते की हा मनातून त्यांच्यातला. गावाला वाटते की हा पगारामुळे सरकारचा. शिक्षक कमी पडला, पुस्तके उशिरा आली, छप्पर गळले, की त्याला लगेच भाषेचा रंग चढतो. कधी तो रंग खरा असतो, कारण मराठी माध्यमाच्या रिक्त जागांचे दुखणे जुने आहे. पण छप्पर गळण्याचे दुखणे कानडी शाळेलाही तेवढेच आहे. २०१९ च्या महापुरात जिल्ह्यातल्या शाळांच्या भिंती पडल्या, तेव्हा पाण्याने माध्यम विचारले नव्हते. आपल्या नेत्यांना शाळेचा प्रश्न सीमाप्रश्नाची पुरवणी म्हणून मांडायची सवय आहे. त्यामुळे निवेदन जोरदार होते, छायाचित्र छापून येते, आणि चौथीच्या वर्गात शिक्षक येत नाही तो येतच नाही.

निवेदनाचा कंटाळा आला की गाव शाळेला टाळे ठोकते. ही पद्धत आता इतकी रूढ झाली आहे की अधिकाऱ्यांकडेही तिच्यावरचा तोडगा तयार असतो. गटशिक्षणाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी येतात, पालकांची समजूत काढतात, दोन दिवसांत शिक्षक देतो म्हणतात आणि खरोखर देतात. तो शिक्षक नव्याने नेमलेला नसतो. शेजारच्या गावच्या शाळेतून तात्पुरत्या नियुक्तीवर उचललेला असतो. टाळे निघते, गुलाल उधळला जातो, आणि चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेत पाचवीचा वर्ग उघडा पडतो. तिथल्या पालकांना हे कळायला महिना लागतो. कळल्यावर ते आपल्या मुख्याध्यापकावर चिडतात, कारण समोर तोच असतो. पुढे तेही टाळे ठोकतात. एक गाव दुसऱ्या गावाच्या ताटातली भाकरी आपल्या ताटात ओढते आणि वाढणारा मात्र बाजूला उभा राहतो.

याचा शेवट पटावर दिसतो. वैतागलेला पालक ऐपत नसताना कर्ज काढून मुलाला इंग्रजी शाळेत घालतो. मुले घटली की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याची बदली होते. शिक्षक गेला की उरलेले पालकही शाळा सोडतात. या चक्रात शिक्षक म्हणतो, पालकांना मराठीची कदर नाही. पालक म्हणतो, शाळेत शिक्षकच नाही. दोघेही एकाच चाकाचे दोन आरे मोजत असतात.

म्हणून माझी सूचना अगदी छोटी, कोणत्याही मोर्चाशिवाय अंमलात येणारी आहे. प्रत्येक शाळेत बुडालेल्या तासांची एक वही असावी आणि ती शिक्षकांनी नव्हे, शाळा सुधारणा समितीने, म्हणजे एसडीएमसीने ठेवावी. कर्नाटकात या समित्या २००१ सालच्या आदेशाने आल्या, आणि बालशिक्षण हक्क कायदा म्हणतो की अशा समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात. आज ही समिती प्रजासत्ताक दिनाला नारळ फोडते, धान्य उतरवून घेताना सही करते आणि क्वचित अध्यक्षपदावरून भांडते. तिने दर शनिवारी एवढेच लिहावे: या आठवड्यात कोणत्या वर्गाचे किती तास झाले नाहीत, आणि का. प्रशिक्षण, बैठक, सर्वेक्षण, मतदारयादी, सर्व्हर, रजा, उशिरा आलेली बस. शेवटची दोन कारणेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहावीत. महिन्याच्या शेवटी त्याची बेरीज इतिवृत्ताला जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी.

अशा वहीवर दोन आक्षेप येतील, ते मी ऐकलेलेही आहेत. शिक्षकांना वाटते की ही आणखी एक नोंदवही आणि आणखी एक पाळत. नोंदवही त्यांना लिहायची नाही, हे वर म्हटलेच आहे. पाळतीबद्दल सांगायचे तर ज्याचे तास खरोखर सरकारी कामात जातात त्याच्यासाठी ही वही संरक्षण आहे. आज गुरुजी शाळेत नव्हते एवढेच गाव बघते, ते कोठे होते हे लिहिलेले कुठेच सापडत नाही. ज्याचे तास बसच्या वेळापत्रकात जातात, त्याला मात्र ती अडचणीची होईल, आणि तशी ती व्हावी. दुसरा आक्षेप पालकांचा: कागद पाठवून काय होते? एका गावच्या कागदाने काही होत नाही, हे खरे. पण एका केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या बेरजा एकत्र आल्या, मराठी आणि कानडी दोन्ही, तर २७ व्या कलमाचा प्रश्न पहिल्यांदाच आकड्यांत विचारता येईल. आजवर तो भावनेत विचारला गेला आहे आणि भावनेला कार्यालयात आवक क्रमांक मिळत नाही. कानडी शाळेचे पालक यात बरोबर असणे मला अत्यंत महत्त्वाचे वाटते. यमकनमर्डीच्या कानडी शाळेतले मूल आणि येळ्ळूरच्या मराठी शाळेतले मूल, दोघांचेही तास एकाच आदेशाने बुडाले होते.

भाषेची लढाई सोडा असा याचा अर्थ नाही. ती या वहीतूनही लढता येते, आणि अधिक नेमकेपणाने. राज्यघटनेचे ३५० अ हे कलम १९५६ साली, म्हणजे भाषावार पुनर्रचनेच्या त्याच वर्षी घातले गेले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते सांगते. पंधरा टक्क्यांहून अधिक अल्पसंख्याक असलेल्या तालुक्यांत महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हेही भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षणांपैकी एक आहे. मग समितीच्या सदस्य बाईंना आपले अधिकार काय आहेत हे सांगणारी नियमावली मराठीत मिळालीच पाहिजे, ही मागणी पुस्तकी नाही. ज्या कागदावर आपण सही करतो तो वाचता न येणे, ही सीमाभागातल्या पालकाची रोजची मानहानी आहे, आणि तिचा राग गुरुजींवर निघतो. वहीत एक रकाना परिपत्रकांसाठी ठेवावा: किती आली, त्यातली किती मराठीत होती.

शिक्षकांकडूनही एक अपेक्षा आहे. पुढच्या वेळी शाळा बंद ठेवून काम करण्याचा प्रस्ताव आला, तर तो मान्य करण्यापूर्वी किंवा स्वतः मागण्यापूर्वी त्यांनी तो समितीपुढे ठेवावा. पालक नाही म्हणाले तर शिक्षकाच्या हातात एक ठराव येतो, जो एकट्या शिक्षकाच्या नकारापेक्षा कितीतरी भारी असतो. सरकारी नोकराला ‘नाही’ म्हणता येत नाही, मतदाराला येते. शिक्षकाने गावाशी अबोला धरून हे साधणार नाही. त्यासाठी वर्षातून एकदा तरी त्याने मुलाबद्दल बोलायला दारात यावे लागेल, हातात मोबाइल न घेता.

हे सुरू करायला निमित्तही ठरलेले आहे. फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेची मुख्य मोजणी व्हायची आहे, आणि प्रगणक म्हणून घरोघर पाठवले जातात ते बहुतेक शिक्षकच. जनगणना २७ व्या कलमाच्या अपवादांत बसते, त्यामुळे तिच्याबद्दल हरकत घेता येणार नाही. पण फेब्रुवारी हा वार्षिक परीक्षेच्या तोंडावरचा महिना आहे. दोन शिक्षकांच्या शाळेतले दोन्ही शिक्षक मोजणीला गेले तर त्या दिवसांत चौथी-पाचवीचा वर्ग कोण घेणार, बदली शिक्षक कोठून येणार आणि तो शेजारच्या गावातून उचललेला नसेल याची हमी कोण देणार, हे समितीने गटशिक्षणाधिकाऱ्यांना आताच लेखी विचारावे, आणि त्या पत्राची पोच वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावी.